चापट आणि चाकरी

ज्या खेळाविषयी मी लिहिणार आहे त्यात खेळणाराला शरीर नाही, चेहरा नाही, नावही नाही. आहे तो फक्त एक हात. संगणकाच्या पडद्यावर इतर वेळी जिथे बाण दिसतो तिथे या खेळात एक मोठा पंजा दिसतो, आणि तो पंजा म्हणजे आपण. माऊसचे डावे बटण दाबले की हा हात खालच्या जिवाला चिमटीत धरून उचलतो. उजवे बटण दाबले की त्याला चापट मारतो. खोल्या बांधायच्या, सोने साठवायचे, शत्रूला हुसकावायचे, हे सारे आहेच. पण ज्यांच्या जिवावर ते करायचे त्यांच्याशी आपला संबंध येतो तो मुख्यतः या दोन हालचालींतून.

‘डंजन कीपर’ हे या खेळाचे नाव. इंग्लंडातील गिल्डफर्ड गावच्या ‘बुलफ्रॉग प्रॉडक्शन्स’ या कंपनीत पीटर मॉलिन्यू यांच्या देखरेखीखाली तो तयार झाला आणि १९९७ साली ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स’ने तो बाजारात आणला. शूर वीराने तळघरात उतरावे, राक्षसांना लोळवावे आणि खजिना घेऊन वर यावे, असा तोवरच्या खेळांचा रिवाज होता. या मंडळींनी गोष्टच उलटी केली. येथे आपण तळघराचे धनी, राक्षस आपले नोकर, आणि चकचकीत चिलखत घालून जो वरून उतरतो तो आपल्या घरात शिरलेला चोर. खेळ निघाला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. परंतु ‘कीपर-एफएक्स’ या नावाने काही हौशी लोकांनी तो आजच्या यंत्रांवर चालेल असा ठेवला आहे, आणि माझ्या दादाकडून तो माझ्याकडे आला.

आता हे सारे महाविद्यालयाच्या अंकात कशासाठी, असे कुणी विचारील. कारण असे, की गेल्या सत्रात आमच्या वादविवाद मंडळाने ‘व्हिडिओ गेममुळे तरुण पिढी क्रूर बनत आहे’ हा विषय ठेवला होता. मराठीतून चार भाषणे झाली, कन्नडमधून तीन. अनुकूल बाजूने बंदुकांचे खेळ पुढे केले, प्रतिकूल बाजूने खेळ हा खेळच असतो असे सांगून टाळ्या घेतल्या. दोन्ही बाजूंनी जे बोलले गेले त्यात खेळाच्या आत काय असते, कुणाला कशासाठी मारले जाते, त्याचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो, याविषयी अवाक्षर नव्हते. म्हणून हा लेखनप्रपंच. मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे, संगणकशास्त्राची नव्हे, हे आधीच सांगून ठेवते.

तर चापटीचा हिशेब असा. जिवाला चापट मारली की तो काही काळ भराभर चालतो, भराभर काम करतो. त्याबरोबरच त्याची प्रकृती थोडी उतरते आणि मनात थोडा राग साचतो. एकदोन चापटींनी बिघडत नाही. पण मारतच राहिले तर लहानसहान जीव मरून पडतो. राग साचत गेला की त्याच्या डोक्यावर तशी खूण दिसू लागते. तो कामावर जाईनासा होतो, आणि शेवटी ज्या दारातून आला त्याच दारातून तळघर सोडून चालता होतो. ‘हॉर्न्ड रीपर’ नावाचा एक शिंगाळ प्राणी आहे. तो सगळ्यांत बलवान आणि सगळ्यांत तापट. तो बिथरला तर निघून जात नाही, आजूबाजूच्या आपल्याच लोकांना कापत सुटतो.

एकट्या मारामुळेच राग येतो असेही नाही. निजायला जागा नसेल, कोंबड्यांचे खुराडे रिकामे असेल (हे सारे जीव कोंबड्या खाऊन राहतात), नावडता शेजारी पलीकडे झोपत असेल, तरी राग येतो. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे पगार. ठरावीक काळाने पगाराचा दिवस येतो आणि तळघरातले सारे जीव आपापली कामे टाकून खजिन्याच्या खोलीकडे निघतात. जो जुना आणि तयार झालेला, त्याचा पगार जास्त. खजिन्यात सोने नसेल तर ते तिथे घुटमळतात, मग परत फिरतात. मला या खेळातले सर्वांत खरे दृश्य हेच वाटते. पगार हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला आणि मराठीत काय, आमच्याकडच्या कन्नडमध्ये काय, सारखाच रुळला. भाषेवरून कितीही भांडणे होवोत, महिन्याच्या पहिल्या तारखेस सीमाभागात दोन्ही बाजूंचे लोक एकाच शब्दाची वाट पाहतात.

एक गोष्ट मात्र येथेच नोंदवली पाहिजे. या तळघरात ‘मिस्ट्रेस’ म्हणून एक जात आहे. तिला चापट मारली तर राग येत नाही. यातनागृहात नेऊन ठेवली तर उलट ती खूष होते. साऱ्या राक्षसगणांत ठसठशीतपणे स्त्री म्हणून रेखाटलेली तेवढी ती. ही कल्पना कोणाच्या डोक्यातून आली असेल हे माझ्या मैत्रिणींना सांगायला नको. विनोद म्हणून तो चालून गेला असेल. मला तो चालत नाही.

परंतु एवढे वजा करूनही मी म्हणेन की या तळघरातला न्याय पुष्कळ गावांतल्या कारखान्यांपेक्षा उघडा आहे. येथे मार लपवलेला नाही. हात दिसतो, चापटीचा आवाज होतो, मारणारास त्याची किंमत मोजावी लागते आणि मार खाणारास सोडून जाता येते. जो खेळाडू नुसता मारत सुटतो तो हरतो. चांगला खेळाडू चापट जपून वापरतो, खोल्या मोठ्या बांधतो, पगार वेळेवर देतो. खेळ दयाबुद्धी शिकवतो असे मी म्हणत नाही. तो हिशेब शिकवतो. पण त्या हिशेबात समोरच्याचा राग ही एक रक्कम म्हणून धरलेली आहे, आणि हे काही थोडे नव्हे.

मग बोचते काय? बोचते ते इंप.

इंप म्हणजे या तळघरातले मजूर. कुदळ घेऊन बोगदे खणणे, सोने वाहून आणणे, भिंती भक्कम करणे, जमीन आपल्या नावावर करणे, मेलेल्यांना आणि बेशुद्ध शत्रूंना ओढून नेणे, ही सारी कामे त्यांची. इतर जीव दारातून आपण होऊन येतात. इंपला मंत्र घालून निर्माण करावे लागते आणि त्यासाठी सोने लागते. जितके इंप आधीच असतील तितका पुढचा महाग. मात्र एकदा निर्माण झाला की तो जेवत नाही, झोपत नाही, पगार घेत नाही. आणि तो रागावत नाही. वर जो हिशेब मी सांगितला तो इंपला लागूच नाही. त्याला चापट मारा, तो धावू लागतो. प्रकृती उतरते तेवढीच. तो तळघर सोडून जात नाही, कारण त्याच्यासाठी दारच नाही.

म्हणून अनुभवी खेळाडू काय करतो? खेळ सुरू झाला की पहिली काही मिनिटे तो इंपांना सारखा चापटी मारत राहतो. लवकर खणले की लवकर सोने, लवकर सोने की लवकर खोल्या. वसतिगृहात माझ्या खोलीत गोकाककडची एक मैत्रीण राहते. ती एकदा मागे उभी राहून बघत होती. “याक होडीती?” तिने विचारले. का मारतेस? तो तर काम करतोच आहे! प्रश्न अगदी रास्त होता आणि उत्तरही खेळाने तयार ठेवले होते: करतोच आहे, पण आणखी भराभर करील.

याहूनही एक पायरी पुढे आहे. तळघरात देऊळ बांधता येते आणि त्यातल्या कुंडात जिवांचा बळी देता येतो. कोणते जीव दिले म्हणजे काय मिळते याचे गुप्त संकेत आहेत. तो शिंगाळ रीपरही अशाच एका मिश्र बळीतून मिळतो. इंपाचा बळी दिला तर काय मिळते? पुढचे इंप स्वस्त होतात. हे मी प्रथम पाहिले तेव्हा हसले होते, कारण खेळाचा सारा सूर थट्टेचा आहे. पहिल्याच प्रदेशाचे नाव ‘एव्हरस्माईल’, म्हणजे सदाहसतीपूर म्हणा ना! इंग्रज माणसाचा हा विनोद मला कळतो आणि आवडतोही. परंतु विनोद पहिल्या दिवशी विनोद असतो. दहाव्या दिवशी त्याकडे लक्ष जात नाही. उरतो तो हाताचा सराव. आणि सराव झालेला हात रागावणाऱ्याशी जपून वागतो, न रागावणाऱ्याशी नाही.

वादविवादात कुणीतरी हा मुद्दा मांडायला हवा होता. खेळ क्रूरता शिकवतात की नाही हा प्रश्न फार ढोबळ आहे. ज्याला राग येऊ शकतो त्याच्याशी कसे वागावे आणि ज्याला येऊ शकत नाही असे आपण ठरवून टाकले आहे त्याच्याशी कसे वागावे, या दोन निरनिराळ्या शिकवण्या एकाच खेळात शेजारी शेजारी बसलेल्या असतात.

बुलफ्रॉग सोडल्यावर मॉलिन्यू यांनी ‘लायनहेड’ नावाची दुसरी कंपनी काढली आणि २००१ साली ‘ब्लॅक अँड व्हाइट’ हा खेळ आणला. येथेही पडद्यावर हातच आहे, पण तो आता तळघराच्या धन्याचा नसून देवाचा आहे. बेटावरची माणसे त्याची पूजा करतात. आणि त्याला एक अजस्र प्राणी पाळायचा असतो: माकड, गाय किंवा वाघ यांतून प्रथम एक निवडावा लागतो. या प्राण्याला हुकूम देऊन सारे काही करून घेता येत नाही, त्याला वळण लावावे लागते. त्याच्या गळ्यात अडकवायला तीन प्रकारच्या दोऱ्या आहेत. एकीने तो आपले पाहून शिकतो, दुसरीने दयाळू होतो, तिसरीने आक्रमक. त्याने काही केले की हाताने त्याला कुरवाळायचे किंवा चापट द्यायची. माणूस खाल्ला, चापट. शेताला पाणी घातले, कुरवाळणे. अर्थात उलटही करता येते. माणसे खाण्याबद्दल लाड केले तर तो नित्यनेमाने माणसे खातो. आणि जसा तो वाढतो तसे त्याचे रूपही बदलते, दुष्टाचा प्राणी दुष्ट दिसू लागतो.

या प्राण्याचे मन रिचर्ड एव्हान्स नावाच्या प्रोग्रामरने बांधले होते. ते बांधताना जी अडचण आली असेल ती आमच्या शास्त्रातली फार जुनी अडचण आहे. प्राण्याने गावात जाऊन एक झाड उपटले, एक घर तुडवले, एक माणूस खाल्ला आणि मग शौच केले; त्यानंतर त्याला चापट बसली. ती कशाबद्दल? झाडाबद्दल, घराबद्दल, माणसाबद्दल, की शेवटच्या गोष्टीबद्दल? भूक लागणे हेच वाईट असे तो समजला तर? मारणाऱ्याच्या मनात कारण अगदी स्वच्छ असते. मार खाणाऱ्याला ते अनुमानाने काढावे लागते.

अमेरिकेत थॉर्नडाइक यांनी १८९८ साली पेटीत कोंडलेल्या मांजरांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या कृतीनंतर समाधान मिळते ती पक्की होते आणि जिच्यानंतर त्रास होतो ती सुटते, असा नियम त्यांनी पुढे मांडला. पाठ्यपुस्तकात बहुतेक एवढेच वाचून आपण परीक्षेला जातो. परंतु १९३० नंतरच्या प्रयोगांवरून थॉर्नडाइकनी स्वतःच तो नियम अर्धा मागे घेतला. बक्षिसाने कृती जशी पक्की होते तशी शिक्षेने ती पुसली जात नाही, असे त्यांना आढळले. स्किनर यांचेही म्हणणे त्याच वळणाचे: शिक्षेने वागणे दबते, पण काय करावे हे त्यातून कळत नाही. ‘ब्लॅक अँड व्हाइट’ खेळणाऱ्याला हे दोन तासांत समजते. नुसत्या चापटींवर वाढवलेला प्राणी चांगला होत नाही, बावचळतो.

(या खेळाच्या आरंभीच्या दिवसांत डेमिस हसाबिस नावाचा तरुण तिथे कामाला होता. त्याने पुढे २०१० मध्ये लंडनला ‘डीपमाइंड’ काढण्यात पुढाकार घेतला आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळवला. यंत्राला बक्षीस देत देत शिकवायचे, या मार्गाने त्याच्या कंपनीने नाव कमावले. खेळातल्या प्राण्यांना वळण लावण्याच्या प्रश्नाला पोरखेळ म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.)

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी माझे आजोबा भाताची शेती करीत. त्यांच्या हाती पराणी असे, ती कधीकधी बैलाच्या पाठीवर बसेही. मी त्याचे समर्थन करीत नाही. पण नव्या गड्याला ते सांगत, “मारायचं तर तवाच, न्हाईतर हात लावू नको. तास संपल्यावर मारलास तर त्याला काय कळणार?” थॉर्नडाइक त्यांनी वाचले नव्हते. बैलाला कारण सांगता येत नाही, म्हणून निदान वेळेने तरी ते सांगावे, एवढे त्यांना कळत होते. शिस्त हा शब्द फारसीतून आला आहे आणि जुन्या कोशांत त्याचा अर्थ नेम असा दिलेला सापडतो, बंदुकीचा किंवा बाणाचा. तो अर्थ आजोबांच्या बोलण्यात अजून जिवंत होता असे मला वाटते.

चापटीशिवायही राज्य चालवता येते असे दाखवणारे खेळ आहेत. २००० साली आलेल्या ‘मॅजेस्टी’ या खेळात आपण राजे असतो, पण आपल्याच वीरांना हुकूम करू शकत नाही. राक्षसाच्या गुहेवर इनामाचे निशाण लावायचे आणि कोण जातो ते पाहत बसायचे. भित्रा जात नाही, लोभी आधी जातो. मिळालेले इनाम तो वीर राजाच्याच बाजारात खर्च करतो आणि करवसुली करणारा ते परत खजिन्यात आणतो. फार सभ्य व्यवस्था आहे. मला ती डंजन कीपरपेक्षा जास्त सांभाळून पाहावीशी वाटते, कारण तिथे कुणी कुणाला मारलेलेच दिसत नाही.

आणि मग २०१४ साल. डंजन कीपर मोबाइलवर आला. इंप होते, चापट होती, थट्टाही होती. पण खणण्याला आता तास लागू लागले. कठीण दगडाचा एक चौकोन फोडायचा तर दिवस दिवस थांबा, नाहीतर रत्ने खर्च करा, आणि रत्ने संपली की खऱ्या पैशांनी विकत घ्या. ‘फुकट’ म्हणून केलेली या खेळाची जाहिरात दिशाभूल करणारी आहे, असा निर्णय ब्रिटनच्या जाहिरात-नियामक मंडळाने त्याच वर्षी दिला. जुने चाहते संतापले ते पैशांसाठी, असे सांगतात. मला त्यात दुसरेही काही दिसते. या नव्या तळघरात वळण लावले जात होते ते खेळणाऱ्याला. थांबवणे ही चापट, रत्न हे कुरवाळणे. हाताचा धनी आपण आहोत असे पडद्यावर दिसत होते, आणि काम करून घेणारा भलताच कुणी होता.

येथवर आलेच आहे तर माझ्या दादाविषयी लिहिते. तो बी. कॉम. झाला आणि दीड वर्षापासून आमच्या शहरात घरोघरी जेवण पोहोचवण्याचे काम करतो. कंपनीचे नाव सांगत नाही. नाव कोणतेही घातले तरी चालेल. गेल्या पावसाळ्यात एके दिवशी दुपारी त्याला मोबाइलवर संदेश आला की गुणवत्तेच्या निकषांत न बसल्यामुळे त्याचे खाते तीन दिवसांसाठी बंद करण्यात येत आहे. इतकाच मजकूर. खाली दिलेल्या ठिकाणी विचारणा केली, तर तोच मजकूर पुन्हा आला.

तीन दिवस दादा घरात बसून आठवत राहिला. सोमवारी टिळकवाडीचे रेल्वे गेट पडले होते, तेव्हा उशीर झाला. ते असेल का? शहापूरला एका घरी कुत्रे सुटे होते म्हणून त्याने डबा फाटकाला अडकवला. त्यांनी तक्रार केली असेल का? एका रात्री ताप होता म्हणून दोन फेऱ्या नाकारल्या. ते असेल का? आई सारखी विचारी, “खरं तू काय केलास तरी काय?” आणि तो म्हणे, “तेच कळंना की आई.” मी त्या वेळी परीक्षेसाठी घरी होते आणि माझ्यापुढे शिक्षा या विषयावरचे प्रकरण उघडे होते. झाड, घर, माणूस, शौच. चापट कशाबद्दल?

कुणी म्हणेल, खेळाची आणि पोटापाण्याची तुलना करणे बरे नव्हे. मला ती करावीशी वाटते याचे कारण, खेळ दोहोंतला अधिक प्रामाणिक आहे. तळघरात निदान हात दिसतो. ज्याने मारले त्याला इंपाची प्रकृती उतरलेली दिसते. दादाच्या बाबतीत हात कोणाचा, हे त्याला माहीत नाही. कदाचित कुणाचाच नसेल, ठरवून दिलेल्या एका आकड्याखाली त्याचा आकडा गेला असेल आणि संदेश आपोआप सुटला असेल. रागावून सोडून जाण्याची मुभा त्याला कागदावर आहे. पण गाडीचे हप्ते आहेत, आणि त्याच्या जागी उद्या उभा राहील असा मुलगा आमच्याच गल्लीत आहे. म्हणजे रागाची रक्कम हिशेबात धरायचे कारणच उरत नाही. राक्षसाचा दर्जा देऊन बोलावले आणि इंपाचा देऊन ठेवले, असे काहीसे झाले आहे.

कर्नाटकाने २०२५ मध्ये अशा कामगारांसाठी कायदा केला. काम काढून घ्यायचे तर लेखी कारण द्यावे आणि चौदा दिवसांची पूर्वसूचना द्यावी, आणि यंत्र कोणत्या आधारावर निर्णय घेते ते कामगाराला कळावे, अशा तरतुदी त्यात आहेत. त्याचा अंमल कसा होईल ते पुढे दिसेल. पण कारण सांगणे हा उपकार नसून मागता येण्यासारखी गोष्ट आहे, हे कायद्याने म्हटले याचे मला मोल वाटते. कल्याणनिधीविषयी वर्तमानपत्रांत पुष्कळ आले, या कलमांविषयी त्या मानाने थोडे.

आमच्या महाविद्यालयात बी. सी. ए.चे वर्ग आहेत. त्यांतली पुष्कळ मुले-मुली दोनचार वर्षांत पुण्याला, बंगळुरूला जाऊन अशीच यंत्रे बांधू लागतील. जिवाला केव्हा चापट बसावी, त्याने वेग किती वाढावा, राग धरावा की न धरावा, हे १९९७ साली गिल्डफर्डच्या कचेरीत बसून कुणीतरी एका तक्त्यात भरले होते. इंपाच्या रकान्यात राग भरायचा नाही, हेही असेच बसून ठरले. तसले तक्ते आता या मंडळींपुढे येतील आणि रकान्यांत खरी माणसे असतील. त्यांनी मार बंद करावा असे म्हणण्याइतकी मी भाबडी नाही. कामावर कुणी उशिरा येतो, कुणी खोटे बोलतो, त्याला जाब विचारावाच लागतो. माझे मागणे एका ओळीपुरते आहे, संदेशात कारणाची ओळ घाला एवढेच.

दादाचे खाते चौथ्या दिवशी सकाळी आपोआप सुरू झाले. कारण तेव्हाही कळले नाही. कशाबद्दल शिक्षा झाली हे ठाऊक नसल्यामुळे त्याने सगळ्याच गोष्टी बदलल्या: जेवायला थांबेनासा झाला, ताप असला तरी फेरी नाकारीना, आणि रेल्वे गेट पडण्याआधी पलीकडे जाता यावे म्हणून भर पावसात गाडी पूर्वीपेक्षा जोरात हाकू लागला.